आजचं चिंतन : गीता ९.२२, योगक्षेम आणि त्यागराज



काल आपण नवव्या अध्यायातला २१वा श्लोक पाहिला. पुण्याच्या जोरावर स्वर्गात गेलेला माणूस पुण्य संपलं की परत मर्त्यलोकात येतो, असा त्याचा भाव. म्हणजे स्वर्गसुद्धा प्रीपेडच! आज २२वा. ज्यांनी कधी गीता उघडलेली नाही त्यांच्याही डोळ्यांखालून हा श्लोक गेलेला असतो, कारण त्याचा शेवटचा तुकडा एलआयसीच्या बोधचिन्हाखाली छापलेला आहे. जे आपल्याकडे नाही ते मिळणं म्हणजे योग, जे आहे ते सांभाळलं जाणं म्हणजे क्षेम. जे अनन्यभावाने भगवंताचं चिंतन करतात, कायम त्याच्याशी जोडलेले राहतात, त्यांच्या या दोन्ही गोष्टींचा भार तो स्वतः उचलतो.

विम्याच्या कागदावर पाहायची सवय झाल्यामुळे असेल, आपण हा श्लोक पॉलिसीसारखाच वाचतो. हप्ता भक्तीचा, परतावा योगक्षेमाचा. पण श्लोकात अट आधी येते आणि ती एका शब्दात आहे: अनन्य. दुसरा कोणी नाही. ज्ञानेश्वरीत माउली इथे गर्भातल्या जिवाची उपमा देतात, ज्याला स्वतःची अशी काही खटपटच ठाऊक नसते. उपमा सुंदर आहे. पण आपण काही गर्भात नाही. घर आहे, घराचा हप्ता आहे, भाऊ-बहीण आहेत, हातात एखादी कला आहे आणि ती विकत घ्यायला लोकही तयार आहेत. अशा माणसाने ‘दुसरा कोणी नाही’ म्हणजे नक्की काय करायचं?

मला याचं उत्तर भाष्यांपेक्षा एका गाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात जास्त स्वच्छ दिसतं. स्वतःच गाणी रचायची, स्वतःच चाली बांधायच्या, स्वतःच गायची आणि कोणाच्याही पगारावर राहायचं नाही, असं जवळजवळ ऐंशी वर्षं जगलेला माणूस. कर्नाटक संगीतातले संत त्यागराज.

आपल्याकडे त्यांचं नाव ऐकून माहीत असतं. मुंबईत माटुंगा-चेंबूरकडे दाक्षिणात्य मंडळी दरवर्षी त्यांची आराधना करतात, यूट्यूबवर शेकडो गायक एकत्र बसून गातानाचे व्हिडिओ असतात, तेवढंच. पण त्यांच्या कथेत एक मराठी माणूस अगदी मध्यभागी उभा आहे, आणि तो खलनायक नाही. ते पुढे येईलच.

त्यागराजांचा जन्म १७६७ सालचा, कावेरीच्या खोऱ्यातल्या तिरुवारूरचा. तिथल्या शिवाचं नाव त्यागराज, तेच या मुलाला मिळालं. गंमत बघा, शिवाच्या नावाचा मुलगा आणि आयुष्यभर गायला रामाला. घर तेलुगू ब्राह्मणांचं, आजूबाजूची भाषा तमिळ, आणि राज्य मराठ्यांचं. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला जी गादी स्थापन केली, तिचाच हा मुलूख. म्हणजे घरात तेलुगू, बाजारात तमिळ, दरबारात मराठी आणि पूजेत संस्कृत. या माणसाच्या कानावर लहानपणापासून काय काय पडलं असेल, याचा अंदाज एवढ्यावरूनच येतो.

कर्नाटक संगीतात ज्यांना त्रिमूर्ती म्हणतात ते तिघं, म्हणजे श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर, तिघंही याच तिरुवारूरचे आणि एकाच काळातले. आळंदी-देहूसारखी एखादी जागा असते, तसंच म्हणायचं.

वडील काकर्ल रामब्रह्मम हे रामायणावर प्रवचनं करणारे. आई सीतम्मा. आईच्या तोंडून ऐकलेली पुरंदरदासांची आणि भद्राचलमच्या रामदासूंची पदं हा त्यागराजांवरचा पहिला संस्कार मानतात. पुरंदरदास कन्नड. आधी मोठे सावकार, मग सगळं सोडून हातात तंबोरा घेतलेले. एक परंपरा त्यांचा जन्म आपल्या पुरंदरगडाजवळचा सांगते, कर्नाटकातले अभ्यासक दुसरीकडचा सांगतात. तो वाद बाजूला ठेवू. रामदासू हे सतराव्या शतकातले गोवळकोंड्याच्या राज्यातले अधिकारी. सरकारी महसूल रामाच्या देवळासाठी खर्च केला म्हणून कैदेत पडले आणि तिथे रामाशी भांडत गाणी रचत बसले. हे दोघं त्यागराजांनी आयुष्यभर सोडले नाहीत. ‘प्रह्लाद भक्तिविजयम्’ या आपल्या संगीत नाटकाच्या सुरुवातीला त्यांनी पुरंदरदासांना वंदन केलंय, आणि रामदासूंची सुटका ते रामाला पुन्हा पुन्हा आठवून देतात. त्याला सोडवलंस ना, मग मला का नाही, असा तो हिशेब.

तिसरा संस्कार पोतनाच्या तेलुगू भागवताचा. पोतना हा पंधराव्या शतकातला कवी. आपलं भागवत राजाला अर्पण करायला त्याने नकार दिला अशी कथा आहे. त्यागराज हे भागवत रोज वाचत. म्हणजे पुढे त्यांनी जे केलं त्याची बीजं घरातल्या पोथीत आणि आईच्या गाण्यांतच होती.

मूल लहान असतानाच कुटुंब तिरुवय्यारूला आलं. तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटर, कावेरीच्या काठावर. तिथलं घर रामब्रह्मम यांना तंजावरच्या तुळजाजी राजांनी दिलं अशी परंपरा आहे. हे मुद्दाम सांगतोय. ज्या माणसाने दरबाराला नकार दिला, तो दरबाराने दिलेल्या घरात वाढला. त्याचे गुरू सोंठी वेंकटरमणय्या हेही तंजावर दरबारातले विद्वान. स्वतंत्र कलाकार म्हटलं की आपल्याला वाटतं, हा शून्यातून उगवला. कोणीच शून्यातून उगवत नाही.

तो काळही काही निवांत नव्हता. १७८१ मध्ये हैदरअलीच्या फौजांनी तंजावरचा मुलूख लुटला, शेती बुडाली, लोक भुकेने देशोधडीला लागले. त्यागराज तेव्हा चौदा वर्षांचे. पाटबंधाऱ्यांच्या बळावर जिथे तांदळाची कोठारं भरत, तिथली ही अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली असणार. पुढे हातात रिकामं भांडं घेऊन दारोदार गाताना भूक ही काही त्यांना पुस्तकातली गोष्ट नव्हती.

तरुणपणी एका संन्याशाकडून त्यांना राममंत्राची दीक्षा मिळाली. परंपरा सांगते की त्यांनी एकवीस वर्षांत शहाण्णव कोटी जप पूर्ण केला. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. रोजचा जप येतो सव्वा लाख. सेकंदाला दोन नामं धरली तरी रोजचे साडेसतरा तास. मग जेवण, पूजा, शिष्य, गाणं हे सगळं कधी? हिशेब जुळत नाही म्हणून कोणी आकडा फेकून देईल, कोणी चमत्कार म्हणेल. मला वाटतं, ज्यांनी तो आकडा सांगितला त्यांना एवढंच म्हणायचं होतं की या माणसाचं नाम कधी थांबलंच नाही. पूजा करताना, चालताना, ताल धरताना आत तेच चालू. आपल्या आजच्या श्लोकात ‘नित्य’ जोडलेले असा जो शब्द आहे, तो हाच.

आता मुख्य प्रसंग.

सोंठी वेंकटरमणय्यांनी एकदा शिष्याला तंजावरला आपल्या घरी गायला बोलावलं. विद्वान मंडळी जमली. त्यागराजांनी बिलहरी रागातली आपली एक रचना घेतली आणि ती रात्रभर चालली, असं सांगतात. गुरूंनी आनंदाने ही बातमी राजाच्या कानावर घातली आणि राजवाड्यातून आमंत्रण आलं. सोबत भेटवस्तू. दरबारात या, गा, मानाने राहा.

हे राजे म्हणजे दुसरे सरफोजी भोसले. यांना गर्विष्ठ, अडाणी राजा म्हणून रंगवणाऱ्या कथा मला पटत नाहीत. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तहात राज्याचा कारभार काढून घेतला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, ठरलेलं उत्पन्न आणि मान. त्या पैशातून या माणसाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, हजारो पोथ्या आणि ग्रंथ जमवले, वैद्यकाचा अभ्यास करवला, भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. गायक-वादकांना तर तिथे कमी नव्हतीच. युरोपियन बँडसुद्धा होता. म्हणजे आमंत्रण एका जाणत्या, रसिक, विद्येची कदर करणाऱ्या राजाकडून आलं होतं. आजच्या भाषेत, चांगल्या कंपनीची चांगली ऑफर, बॉसही चांगला.

म्हणूनच नकाराला वजन आहे. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

त्यागराजांनी नकार दिला तो गाण्यातून. कल्याणी रागातली ही रचना आजही मैफलींत ऐकू येते. कल्याणी म्हणजे जवळपास आपला यमन. ते स्वतःच्याच मनाला विचारतात की खरं सुख धनात आहे की रामाच्या सेवेत, आणि मग एकेक जोडी समोर ठेवत जातात: लोणी-दूध गोड की रामाचं भजन, माणसाची स्तुती की देवाची. या शेवटच्या जोडीत सगळं आलं. दरबारी गायकाच्या गाण्यात राजाचं नाव यायचं. ही काही लाचारी नव्हती, तो तेव्हाचा शिरस्ताच होता. मीठ खाल्लं की नाव घ्यायचं. पण त्यागराजांच्या गाण्यात बोलणारा एक होता आणि ऐकणाराही एकच. तिथे दुसरं नाव घालायला जागाच नव्हती. पैसा वाईट म्हणून त्यांनी नाकारला असं मला वाटत नाही. आपण कोणाला ऐकवायला गातो, हे बदललं असतं म्हणून नाकारला. अनन्य या शब्दाचा अर्थ मला इथे लागतो.

आणि मग योगक्षेमाचं काय झालं? इथे आपली पॉलिसी फाटते.

थोरले भाऊ जपेश संतापले. घरात खाणारी तोंडं, वडील गेलेले, आणि धाकटा भाऊ दारात आलेली लक्ष्मी परत पाठवतोय. कथाकार या भावाला दुष्ट ठरवून मोकळे होतात. पण आपल्यातल्या किती जणांच्या घरी जपेश असतो! तो आपल्याच काळजीपोटी चिडलेला असतो. पुढे घराची वाटणी झाली. आणि एका रात्री भावाने त्यागराज ज्या राममूर्तींची पूजा करत त्या उचलून कावेरीत टाकल्या. मूर्ती गेल्या की वेड जाईल आणि हा गायला दरबारात जाईल, असा हिशेब.

त्यानंतरच्या दिवसांतली म्हणून जी गाणी सांगतात ती ऐकवत नाहीत. कुठे लपलास, तुला कुठे शोधू, एवढंच त्यांत आहे. ज्याने योगक्षेम वाहायचा तोच हरवलाय. पुढे नदीचं पाणी उतरल्यावर वाळूत मूर्ती सापडल्या आणि त्यागराज त्या छातीशी धरून गात गात घरी आले. त्यागराजांचा वंश पुढे नातवापाशी थांबला आणि त्या मूर्ती ज्याने नदीत टाकल्या त्याच भावाच्या वंशजांकडे तंजावरात गेल्या. पिढ्यान् पिढ्या पूजा तेच करत आले. ही गोष्ट मला त्या सापडण्याहून मोठी वाटते.

पोटापाण्याचं उत्तर होतं उंछवृत्ती. म्हणजे सकाळी स्नान-पूजा करून, हातात तंबोरा आणि चिपळ्या घेऊन, रामाचं नाव गात गावाच्या गल्ल्यांतून चालायचं. लोक भांड्यात मूठ-मूठ तांदूळ घालतील तेवढ्यात त्या दिवसाचा स्वयंपाक. आपल्या समर्थ संप्रदायातली भिक्षा, माधुकरी किंवा पहाटे दारावर येणारा वासुदेव डोळ्यांसमोर आणा. साठवायचं नाही. घरात शिष्य राहत, जेवत. त्यांचंही त्यातच. त्यामुळे त्यागराजांना आश्रयदाता नव्हता म्हणणं अर्धंच खरं. आश्रयदाता तिरुवय्यारू गाव होतं, मूठभर तांदळाच्या हप्त्यांनी. फरक एवढाच की मूठभर तांदूळ देणारी बाई गाण्यात आपलं नाव मागत नाही.

आता त्यांच्या गाण्याबद्दल थोडं, कारण चरित्रात सगळं प्रसंगांवरच थांबलं तर कलाकार राहूनच जातो.

आज त्यांच्या सुमारे सातशे रचना हाती आहेत. बहुतेक तेलुगूत, थोड्या संस्कृतात. दोनशेहून जास्त रागांत. यातल्या कित्येक रागांत त्यांच्या आधीची एकही रचना सापडत नाही. खरहरप्रिया घ्या, साधारण आपल्या काफी थाटाचे स्वर. आज हा कर्नाटक संगीतातला मोठा राग आहे, तो त्यागराजांमुळे. त्यातल्या एका गाण्यात ते सीतेला आणि लक्ष्मणाला विचारतात की रामाच्या दोन बाजूंना उभं राहून सेवा करण्यातलं सुख कसं असतं, मला सांगा ना. त्यागराजांची भक्ती अशी आहे. मोक्ष मागत नाहीत, चौकशी करतात.

त्यांची खास देणगी म्हणतात ती संगती. गाण्याची एकच ओळ पहिल्यांदा साधी, मग थोडी वळवून, मग अजून खुलवून, दहा-दहा वेळा. शब्द तेच, स्वर दरवेळी नवे. लहान व्हर्जनवरून मोठं व्हर्जन, पण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरच उभी. आपल्या कीर्तनकारांकडे नाही का, एकच चरण घोळवत घोळवत अर्थ उघडत जातात, तसंच. नामस्मरण करणाऱ्याला हे सुचणं साहजिकच होतं. तोच शब्द पुन्हा, पण कंटाळा नाही.

आणि त्यांनी घेतलं सगळीकडून. देवळातल्या मिरवणुकीत नादस्वरमवर तासन् तास चालणारा रागविस्तार, दक्षिणेतली भजनी परंपरा, जयदेवाच्या अष्टपद्या, नारायणतीर्थांच्या कृष्णलीला. तंजावरच्या बँडची चालसुद्धा त्यांच्या काही लहान रचनांत डोकावते. ज्या दरबारात ते गेले नाहीत, तिथले सूर हवेतून त्यांच्यापर्यंत आलेच. रामाला उठवण्यापासून ते झोपाळ्यावर बसवून निजवेपर्यंतची त्यांची उत्सव-गाणी वाचली की आपल्याला काकडआरती ते शेजारती आठवल्याशिवाय राहत नाही.

‘प्रह्लाद भक्तिविजयम्’बद्दल एक सांगायलाच हवं. भागवताच्या सातव्या स्कंधातली ही कथा आपण मागे वाचली आहे. आपल्याला त्यात काय आठवतं? खांब, नरसिंह, हिरण्यकशिपूचं पोट. त्यागराजांच्या नाटकात तो वधच नाही. प्रह्लादाला समुद्रात टाकतात, समुद्रराज त्याला सांभाळतो आणि पुढे सगळी धडपड एकच, हरीने समोर यावं. बापाचं काय होतं याच्यात त्यांना रस नाही. ज्याच्या मूर्ती सख्ख्या भावाने पाण्यात टाकल्या होत्या, त्या माणसाने घरातल्या छळाची गोष्ट लिहायला घेतली आणि शिक्षेचा प्रवेश गाळला. यावर मी जास्त बोलत नाही, तुम्हीच विचार करा.

पण त्यांना शांत, समाधानी साधू समजू नका. ते तक्रार करतात, भयंकर तक्रार करतात. इतरांना तारलंस, मला का ताटकळवतोस? तुझं नाव दयाळू ना, मग? कधी टोमणे, कधी रुसवा, कधी स्वतःच्याच दोषांची लांबलचक यादी. पंचरत्न म्हणून ज्या पाच मोठ्या रचना प्रसिद्ध आहेत त्या बघा. नाट रागातली म्हणजे रामाच्या नावांची माळ. गौळ रागातली म्हणजे आपल्या चुकांची कबुली. आरभीतली म्हणजे कृष्ण कसा आपलं तेच खरं करतो याची थट्टा. वराळीतली रूपाचं वर्णन. आणि श्रीरागातली, जगातल्या सगळ्या थोर भक्तांना नमस्कार. अनन्य म्हणजे गप्प बसणं नव्हे हे त्यांच्याकडून शिकावं. भांडायचं तरी कोणाशी? दुसरा कोणी नाहीच ना.

श्रीरागातल्या त्या रचनेशी एक कथा जोडलेली आहे. केरळातून षट्काल गोविंद मारार नावाचे गायक तिरुवय्यारूला आले. एकच अष्टपदी सहा वेगवेगळ्या गतींमध्ये गाणारे, म्हणून षट्काल. त्यांनी जयदेवाची अष्टपदी गायली आणि त्यागराज इतके हरखले की त्या रचनेतून त्यांनी सगळ्या थोरांना वंदन केलं. पुढचं ऐका. हे गोविंद मारार शेवटी पंढरपूरला गेले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला, असं केरळची परंपरा सांगते. चंद्रभागेच्या वाळवंटात आपण कधी उभे राहतो तेव्हा असे कोण कोण तिथे मिसळलेले असतात, कल्पना नसते.

आमंत्रणं पुढेही आली. त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ, जे स्वतः उत्तम रचनाकार होते, त्यांच्याकडून बोलावणं आल्याची कथा आहे. तेही नाकारलं. मात्र उतारवयात ते यात्रेला निघाले. कांची, तिरुपती, मद्रास, श्रीरंगम. जिथे गेले तिथल्या देवावर गाणी रचली. रामाचा हा भक्त तिरुवोट्टियूरच्या देवीसमोर, कोवूरच्या शिवासमोर तितक्याच ओढीने गायला. उद्याचा श्लोक दुसऱ्या देवतांच्या भक्तीबद्दलच आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा.

घरात दुःखं होतीच. पहिली पत्नी पार्वती तरुणपणी गेली. मग तिची बहीण कमलांबा घरात आली. तीही त्यांच्या आधीच गेली. शेवटी एका गाण्यात ते सांगतात की डोंगरावर राम दिसला आणि दहा दिवसांत तुला नेतो म्हणाला. त्यांनी संन्यास घेतला आणि ६ जानेवारी १८४७ ला, पौष वद्य पंचमीला देह ठेवला. कावेरीच्या काठावर समाधी झाली.

क्षेमाचा, म्हणजे जे आहे ते टिकण्याचा भाग इथून पुढचा आहे. त्यांनी गाणी जपण्याची काही खास व्यवस्था केली नव्हती. शिष्य शिकत, पाठ करत, उतरवून घेत. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर हे सौराष्ट्री विणकर समाजातले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने गुरूची गाणी, चरित्र, हस्तलिखितं जपली. तिल्लैस्थानम आणि उमयाळपुरमच्या शिष्यांनी आपापली परंपरा चालवली. पुढच्या काळात मराठी कीर्तनाच्या प्रभावातून तंजावरात हरिकथा उभी राहिली, तिच्यात आपल्या ओवी, साकी, दिंडीच्या शेजारी त्यागराजांची पदं जाऊन बसली.

समाधी मात्र पडीक झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोन गट आराधना करत, दोन्ही पुरुषांचे. बायकांना तिथे गायला परवानगी नव्हती. बंगळूर नागरत्नम्मा ही देवदासी घराण्यातली नामांकित गायिका. तिला समाधीची अवस्था कळली. तिने १९२१ मध्ये काम हाती घेतलं, जागा मिळवली, आपली कमाई आणि दागिने घातले, आणि १९२५ मध्ये समाधीवर मंदिर उभं राहिलं. तरीही आराधनेत तिला गाऊ देईनात. तेव्हा तिने बायकांची वेगळी आराधना सुरू केली. १९४०च्या सुमारास सगळे गट एकत्र आले. आज पंचरत्न गाताना स्त्री-पुरुष समोरासमोर रांगांनी बसलेले दिसतात, ते तेव्हापासून.

नागरत्नम्मा १९५२ मध्ये गेली. होतं नव्हतं ते तिने त्याच समाधीच्या कामाला लिहून दिलं होतं. तिची समाधीही तिथेच आहे. तिची मूर्ती हात जोडून त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून बसली आहे.

आज जमलं तर श्रीरागातली ती रचना कुठल्याही एका गायकाकडून पूर्ण ऐका, मग २२वा श्लोक परत वाचा. उद्या श्लोक २३.

राम कृष्ण हरी.